कॅमेरे आहेत की!

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. चहा घेऊन बसा.

सकाळी इथे टेक्सासमध्ये, डॅलसच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या तयारीला जमलो होतो. त्यातलं एक कुटुंब (नाव घेत नाही, वाचताय हे माहीत आहे) उद्या तीन आठवड्यांसाठी नाशिकला निघालंय. इथे शनिवारपासून हार्ड फ्रीझ, म्हणजे सगळं गोठवणारी कडक थंडी, सांगितलंय. मी सहज विचारलं, "पाण्याचा मेन वॉल्व्ह बंद करून जाताय ना?" तर म्हणे, "अगं, कॅमेरे आहेत की! सगळं फोनवर दिसतं." वर बिल वाचवायला हीटिंगही पूर्ण बंद करून जाणार.

कॅमेरे आहेत की! १४ फेब्रुवारी २०२१ला हेच वाक्य, याच ठसक्यात, मी माझ्या सासूबाईंना फोनवर ऐकवलं होतं.

प्लेनो, फ्रिस्को, आयर्व्हिंग, या डॅलसच्या आसपासच्या गावांतल्या जुन्या मंडळींना तो आठवडा सांगायला नको. नव्यांसाठी सांगते. १५ तारखेला पहाटे दीडच्या सुमारास टेक्सासभर वीज तोडायला सुरुवात झाली. आळीपाळीने जाईल म्हणाले होते. आमची पाळी आली ती संपलीच नाही. ४५ लाखांवर घरं-दुकानं अंधारात. १६ला डॅलस विमानतळावर पारा उणे १९ सेल्सियस, इथल्या फॅरेनहाइट मापात उणे २. आमची मुलगी तेव्हा चार वर्षांची. तिला स्वेटरवर स्वेटर चढवले आणि हॉस्पिटलजवळ राहणाऱ्या मैत्रिणीकडे पळालो, कारण त्या लाइनची वीज तोडत नव्हते. निघताना मी काय केलं असेल? अलार्म लावला. परत येऊन दार ओढून बघितलं. अहो, त्या थंडीत घर फोडायला कुठला चोर बाहेर पडणार होता! नळाला मात्र हात लावला नाही.

पहिला गेला राउटर, आणि त्याच्याबरोबर सगळे कॅमेरे. फोनवर काय दिसलं? "ऑफलाइन". अलार्मच्या पॅनेलमध्ये एक बॅकअप बॅटरी असते, बारा व्होल्टची, काळी ठोकळ्यासारखी. ती तीन ते पाच वर्षांनी बदलायची असते. आमची घराबरोबर आलेली. दुपारपर्यंत तीही गेली. दारावरची बेल गोठून आधीच गप्प. तिच्यातली लिथियम-आयन बॅटरी शून्याखाली चार्जच होत नाही, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. पत्रकात असणार. वाचतं कोण?

१७ला दुपारी शेजारच्या आजोबांचा फोन. तुमच्या गॅरेजच्या दाराखालून पाणी येतंय. त्यांच्याकडे दाराचा कोड होता, पण कुलूप उघडेना. बिनकिल्लीचं स्मार्ट लॉक मीच हौसेने बसवलेलं, आणि आत साध्या अल्कलाइन बॅटऱ्या. थंडीत त्यांचा जीव निम्मा होतो. वरचा दिवा लागत होता, बोल्ट सरकत नव्हता. किल्लीचं भोकच नाही, तर किल्ली कुठून देणार? मग सत्तरी ओलांडलेला तो माणूस अंगणातल्या बर्फात गुडघे टेकून बसला, पाण्याच्या मीटरच्या पेटीचं झाकण उचकटलं आणि पान्याने मेन बंद केला.

आता राग आवरून कामाचं सांगते. आपल्या इथल्या घरांना तळघर नाही, पाण्याचे पाइप वर अ‍ॅटिकमधून, म्हणजे छपराखालच्या माळ्यातून, फिरतात. पाणी गोठलं की नऊ टक्के फुगतं. पाइप गोठताना फुटतो, पण कळतं बर्फ वितळल्यावर, थेट छतातून. त्यामुळे गावाला जाताना मेन बंद करा, नळ उघडून पाइप रिकामे करा, हीटिंग १३ अंश सेल्सियसच्या खाली नेऊ नका. बिल येतं. येऊ दे. आमचं छत, जमिनी, मुलीची खोली, सगळं मिळून चार महिने भाड्याच्या घरात काढले. ते बिल दाखवू का?

अलार्मला तापमानाचा एक छोटा सेन्सर जोडता येतो, साधारण ५ अंशांच्या खाली गेलं की ओरडतो. पाण्याचा वेगळा, वॉटर हीटरपाशी ठेवायचा. दोन्ही आता माझ्याकडे आहेत. वरातीमागून घोडं, माहीत आहे. कुलपात आणि बाहेरच्या सेन्सरमध्ये लिथियम पेन्सिल सेल (चार्ज न होणारे) घाला. अल्कलाइनपेक्षा महाग असतात, पण कडाक्याच्या थंडीतही चालतात. राउटरला छोटा यूपीएस लावा. पॅनेल जुनं असेल तर ते कुठल्या नेटवर्कवर बोलतं ते विचारा. फोन कंपन्यांनी २०२२मध्ये ३जी बंद केलं, तेव्हापासून कित्येक घरांतले अलार्म भिंतीवर नुसते शोभेला आहेत. आणि घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात ना, थंडीत ते खरंच फिरतात. लाकडी चौकट आकसते, दारावरचा चुंबक सेन्सरपासून सरकतो आणि रात्री तीनला भोंगा. तुम्ही नाशिकला असलात तर दुपारच्या जेवणात.

दुकानवाल्यांनो, तुमचं वेगळं. माझ्या दिराचं किराणा दुकान आहे. रविवारी हीटिंग बंद ठेवायची त्याला सवय. आग विझवायच्या स्प्रिंकलरच्या पाइपात कायम पाणी भरलेलं असतं, आणि ती जागा ४ अंशांच्या वर ठेवावी लागते, माल ठेवायची मागची खोलीसुद्धा. तिथलाच पाइप फुटला. बासमतीच्या पोत्यांना मोड यायचे बाकी होते. पाइपातलं पाणी वाहू लागलं की वाजणाऱ्या फ्लो अलार्मने अलार्म कंपनीच्या सेंटरला बिनचूक कळवलं, पण त्या आठवड्यात बंब असेच कॉल घेत सगळीकडे धावत होते. आपला वॉल्व्ह कुठे आहे हे गल्ल्यावर बसणाऱ्या पोराला माहीत पाहिजे. त्याला नव्हतं. दिरालाही नव्हतं!

हो, मान्य, कॅमेऱ्यांनी चोर सापडतात. मागच्या दिवाळीत आमच्या गल्लीतला पार्सलचोर सापडला. बरं.

पण त्या थंडीच्या संकटात टेक्सासमध्ये सरकारी आकड्याप्रमाणे २४६ माणसं गेली. कुणी घरातच गारठून. कुणी गॅरेजमध्ये ऊब घ्यायला गाडी चालू ठेवली म्हणून, कार्बन मोनॉक्साइडने. त्याचा डिटेक्टर भिंतीत खोचलेला असतो, वीज गेल्यावर आतल्या बॅटरीवर चालतो, आणि ती बॅटरी आपण शेवटची कधी बदलली? मी आज घरी येऊन बदलली. लिहिता लिहिता उठून. म्हणजे मीही शहाणी नाहीच.

आजोबा आता इथे नाहीत, लेकीकडे ओक्लाहोमाला गेलेत. त्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा ते आमच्याच पायरीवर बसलेले, पँट गुडघ्यापर्यंत भिजून कडक झालेली. मी रडत "सॉरी, सॉरी" म्हणत होते, आणि ते विचारत होते, पोरीची खेळणी खाली होती का? जाताना तो पाना मला देऊन गेले. घरातल्या गॅजेटांत एकच अशी वस्तू आहे जिला अपडेट लागत नाही.

त्या कुटुंबावर सकाळी जरा जास्तच आवाज चढवला. चुकलंच. प्रवासाला निघणाऱ्या माणसाला असं बोलू नये, आई असती तर रागावली असती. एवढं लिहून झाल्यावर त्यांना मेसेज केला की दुसरी किल्ली माझ्याकडे ठेवा, मी दोन दिवसांआड चक्कर मारीन.

आत्ताच उत्तर आलं, "ताई, मेन नक्की कुठे असतो?"

निघते. पाना गाडीतच आहे.