गाडी दादाची असली तरी राहते माझ्याच दारात

घराजवळ गाडी लावण्याच्या रहिवासी परवान्यासाठी मी अर्ज केला आहे, पण आज चौथ्यांदा त्या कार्यालयाच्या खिडकीवरून रिकाम्या हाताने परत आलो आणि या वेळी जे कारण मिळाले ते ऐकून काही क्षण मला बोलताच येईना. गाडी दादाच्या नावावर आहे, म्हणून अर्जाला जोडलेले त्याचे संमतिपत्र जुने झाले आहे, असे मला सांगण्यात आले. पत्र तीस दिवसांच्या आतले हवे, असा नियम आहे म्हणे. मी ते पत्र दिले तेव्हा ते लिहून जेमतेम चार दिवस झाले होते. त्यानंतरचा सव्वा महिना ते याच कार्यालयात, खिडकीतल्या याच माणसाच्या टेबलावर, माझ्याच अर्जाला टाचणी लावलेल्या अवस्थेत पडून होते. मुदत माझ्या हातून टळलेली नाही, त्यांच्या फायलीत टळली आहे. हे मी एकदा शांतपणे सांगितले आणि दुसऱ्यांदा सांगताना माझा आवाज चढला, त्याचा मला मुळीच पश्चात्ताप नाही. त्यावर त्याने पट्टी घेतली, पत्रावरच्या तारखेखाली लाल पेनाने रेघ ओढली आणि कागद माझ्याकडे सरकवला. अर्ज केव्हा दिला याचा पुरावा मागितला, तर तो माझ्याजवळ नाही, कारण पहिल्या दिवशी पोच मागितली तेव्हा 'पोच देण्याची पद्धत नाही' असे उत्तर याच खिडकीतून आले होते.

एवढ्यावर थांबला असता तरी मी घोट गिळून घरी आलो असतो. पण उठता उठता त्याने मला सल्ला दिला: "एवढा त्रास कशाला करून घेता? गाडीच तुमच्या नावावर करून घ्या ना!"

परवान्याच्या एका स्टिकरसाठी भावाची गाडी आपल्या नावावर करून घ्यायची! दादा दोन वर्षांसाठी परदेशी नोकरीला गेला आहे, तो परत येणार आहे आणि गाडी त्याची आहे. तिचे कर्ज अजून फिटलेले नाही, त्यामुळे हस्तांतरण करायचे तर आधी बँकेचे ना-हरकत पत्र आणा, मग नोंदणीचे अर्ज भरा, मग विमा बदलून घ्या. इतकी वर्षे एकही दावा न केल्याची विम्यातली सूट दादाने कमावलेली आहे, ती गाडीबरोबर माझ्याकडे येत नाही. म्हणजे मी शून्यापासून सुरुवात करायची आणि दोन वर्षांनी हाच सगळा व्याप उलट दिशेने पुन्हा करायचा. एवढे का, तर त्या माणसाच्या अर्जातल्या दोन रकान्यांत एकच नाव दिसावे म्हणून.

त्या दोन रकान्यांतच सगळे अडले आहे. एका रकान्यात रहिवासाचा पुरावा आणि दुसऱ्यात मालकीचा. दादा मालक आहे, पण तो इथे राहत नाही, म्हणून त्याला परवाना नाही. मी इथे राहतो, पण मालक नाही, म्हणून मलाही नाही. गाडी मात्र रोज रात्री इथेच असते. ती दुसरीकडे कुठे जाणार? कंपनीने दिलेली गाडी वापरणाऱ्यांचे, वडिलांच्या नावावरची गाडी चालवणाऱ्या मुलीचे, भाडेकरारावर गाडी घेणाऱ्यांचे हेच होत असणार. रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या गृहस्थांच्या नोंदणीपत्रावर बँकेचा बोजा स्पष्ट छापलेला होता. त्यांना कोणी विचारले नाही की कर्ज फिटेपर्यंत ही गाडी खरोखर पूर्णपणे तुमची आहे का, आणि विचारूही नये. मग नेमका मलाच तो प्रश्न का?

मालकी आणि वापर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे काही मी काढलेले खूळ नाही. ब्रिटनमध्ये वाहनाच्या नोंदणीपत्रावरच छापलेले असते की हा कागद मालकीचा पुरावा नाही. त्यावर नाव असते ते गाडी बाळगणाऱ्याचे. जपानमध्ये 1962 पासून गाडी उभी करण्याच्या जागेचा दाखला देणे कायद्याने बंधनकारक आहे आणि तिथल्या वाहनाच्या नोंदणीत मालक आणि वापरणारा यांची स्वतंत्र नोंद असते. भारताच्या 1988च्या मोटार वाहन कायद्यात 'मालक' या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत भाडेकराराने किंवा तारणावर घेतलेली गाडी ज्याच्या ताब्यात आहे, त्यालाच मालक धरलेले आहे. 1977 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आर्लिंग्टन परगण्यातील अशाच रहिवासी परवान्यांना मान्यता दिली, तेव्हाचा वाद तिथे राहणारे लोक आणि बाहेरून कामाला येऊन गाड्या लावणारे लोक यांच्यातला होता. रहिवासी परवाना असतो तो यासाठी. बाहेरच्यांनी दिवसभर रस्ता अडवू नये आणि राहणाऱ्यांना घराजवळ जागा मिळावी, एवढेच त्याचे काम आहे. गाडी रात्री कुठे असते आणि ती कोण वापरतो, हे तपासा. खोटे अर्ज येतात हे मला मान्य आहे, म्हणून पुरावा मागा, हवा तेवढा मागा. चालक म्हणून माझे नाव असलेले विम्याचे कागद मी दिलेच आहेत. माझ्या नावावरच्या दुरुस्तीच्या पावत्याही दिल्या आहेत. त्या त्याने उलटूनसुद्धा पाहिल्या नाहीत.

आणि आमच्याच गल्लीत एका घराकडे तीन परवाने आहेत. त्यातली एक गाडी गेली कित्येक महिने जागची हललेली नाही, तिच्या टायरांतली हवा गेली आहे आणि चाकांशी पाचोळा साचून त्याचा चिखल झाला आहे. तिचे कागद मात्र चोख आहेत, नाव जुळते, त्यामुळे तिला घरासमोरची जागा. ती गाडी दिसली की माझे डोके फिरते. माझ्या गाडीला दंडाची नोटीस लागते आणि ती जाते दादाच्या नावाने, दादाच्या जुन्या पत्त्यावर. म्हणजे दंड भरायलाही मला उशीर होतो आणि उशिराचा दंड वेगळा. संकेतस्थळावर अर्ज करावा, तर 'अर्जदार आणि मालक यांचे नाव जुळत नाही' असा लाल अक्षरांतला संदेश येऊन पान तिथेच अडते, संमतिपत्र जोडायला जागाच ठेवलेली नाही.

आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन दोन महिने झाले आहेत. आठवड्यातून दोनदा तिला व्यायामासाठी न्यावे लागते. गाडी तीन गल्ल्या पलीकडे लावलेली असते, म्हणून मी तिला वॉकर धरून फाटकाशी उभी करतो आणि गाडी आणायला धावतो. काल परत आलो तेव्हा ती त्या हवा गेलेल्या गाडीच्या बॉनेटला टेकून उभी होती. उशीर झाला म्हणून तीच मला म्हणाली, "असू दे रे, दमलास." त्या खिडकीतल्या माणसाने हे पाहायला हवे होते.

दादाला रात्रीच फोन केला. तो नव्या तारखेचे पत्र उद्या पाठवतो आहे. ते हातात पडेल त्याच दिवशी मी नेऊन देणार आहे आणि या वेळी सही-शिक्क्याची पोच हातात आल्याशिवाय खिडकीसमोरून हलणार नाही.