रातोरात रंग खरवडला आणि ‘चंदेरी बाण’ जन्मले? गोष्ट झकास, पण टिकत नाही

मोटारवेड्यांच्या कुठल्याही मराठी ग्रुपवर ही पोस्ट अधूनमधून उगवतेच. तिचा सारांश असा: जून १९३४. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगवर आयफेल शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी मर्सिडीजची नवी कोरी पांढरी गाडी काट्यावर चढली आणि वजन भरलं ७५१ किलो. मर्यादा ७५० ची. संघाचा व्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबाउअर यानं डोकं लढवलं, मेकॅनिकांनी रात्रभर जागून सगळा पांढरा रंग खरवडला, सकाळी काटा बरोबर ७५० वर आला. आतला ॲल्युमिनियमचा पत्रा उन्हात चमकला, गाडी जिंकली आणि ‘चंदेरी बाण’ हे नाव जर्मन गाड्यांना कायमचं चिकटलं. पोस्टला आणखी तीन शेपट्या आहेत. एक, हा वजनाचा नियम जर्मनांना अडवायलाच केला होता. दोन, त्या दिवसापासून महायुद्धापर्यंत चंदेरी बाणांना कोणी हरवू शकलं नाही. आणि तिसरी अर्थातच ‘संकटात संधी शोधा’.

यातलं गाडी जिंकली एवढं नक्की खरं. ३ जून १९३४ ला मान्फ्रेड फॉन ब्राउखित्शनं मर्सिडीजची डब्ल्यू २५ पहिल्याच शर्यतीत पहिली आणली. ऑटो युनियन या दुसऱ्या जर्मन कंपनीचा हान्स श्टुक दुसरा, आल्फा रोमिओवरचा लुई शिरों तिसरा. बाकीचं एकेक करून पाहू.

‘गाडी एक किलोनं जास्त भरली, म्हणून बाद होणार होती’

कशाच्या आधारावर बाद होणार होती? ७५० किलोची मर्यादा १९३४ पासून ग्रां प्री शर्यतींना लागू झाली, हे बरोबर. पण त्या मोसमाच्या सुरुवातीला नव्या नियमात बसणाऱ्या गाड्या होत्याच किती? त्यामुळे त्या वर्षीची आयफेल शर्यत खुल्या फॉर्म्युल्यानं झाली, म्हणजे तिथे वजनाची मर्यादाच नव्हती. गाडी ७५१ भरली काय आणि ८०० भरली काय, त्या दिवशी तिला कोणी अडवणार नव्हतं. पोस्टचा कणा इथेच मोडतो. तरी पुढे जाऊ, कारण खरी गंमत रंगात आहे.

‘त्या रात्रीपर्यंत गाड्या पांढऱ्या होत्या’

तेव्हा शर्यतीच्या गाड्यांना देशाप्रमाणे रंग ठरलेले असत: इटली लाल, फ्रान्स निळा, ब्रिटन हिरवा, बेल्जियम पिवळा, जर्मनी पांढरा. १९३१ ची मिले मिलिया ही इटलीतली शर्यत जर्मन ड्रायव्हर रुडॉल्फ काराचिओलानं जिंकली ती पांढऱ्या मर्सिडीजवर. पुढच्या वर्षी मर्सिडीजनं शर्यतींतून हात आखडता घेतल्यावर तो आल्फा रोमिओ चालवायला लागला, तर इटालियन गाडीलाही सुरुवातीला त्यानं पांढरा रंग दिला.

म्हणजे पांढऱ्याची परंपरा खरी. पण ती मोडली गेली ती नुर्बुर्गरिंगवर नव्हे, बर्लिनच्या आव्हुसवर, आणि तीसुद्धा दोन वर्षं आधी. आव्हुस म्हणजे दोन लांबच लांब सरळ रस्ते आणि दोन्ही टोकांना वळणं, जिकडे तिकडे नुसता वेग. मे १९३२ मध्ये फॉन ब्राउखित्श तिथे आपली मर्सिडीज एसएसकेएल घेऊन उतरला. राइनहार्ड फॉन क्योनिग-फाक्सेनफेल्ड या तरुण अभियंत्यानं तिच्यावर हवा कापणारी गुळगुळीत बॉडी चढवली होती आणि तिला रंग दिलेलाच नव्हता, नुसतं चकचकीत ॲल्युमिनियम. प्रेक्षकांनी तिला पाहून ‘काकडी’ म्हणून चिडवलं. काकडीनं ताशी १९४ किमीच्या सरासरीनं शर्यत मारली, मागे आल्फावर काराचिओला. रेडिओवरच्या समालोचकानं तिला चंदेरी बाण म्हटलं ते त्या दिवशी. १९३२ मध्ये. डब्ल्यू २५ तेव्हा कागदावरसुद्धा नव्हती.

आता १९३४ कडे या. ६ मार्चला हान्स श्टुकनं त्याच आव्हुसवर ऑटो युनियनची नवी गाडी पळवून तासाभराचा जागतिक विक्रम केला, एका तासात २१७ किमी. फर्डिनांड पोर्शच्या आराखड्यावर बनलेली, इंजिन मागे असलेली ही गाडी पहिल्या दिवसापासून चंदेरी होती. तिच्या बॉडीच्या काही भागांवर तर पत्राच नव्हता, विमानाच्या पंखांवर ताणतात तसं कापड होतं. पत्र्याचं एक वेळ समजू. या कापडावरचा रंग कोणी आणि कसा खरवडला म्हणायचं?

मर्सिडीजची ही प्रतिस्पर्धी कंपनी वेगळी, तिचा कारखाना वेगळ्या राज्यात, तिच्याशी नॉयबाउअरचा काडीचा संबंध नाही. तरीही तिच्या गाड्या तीन महिने आधीपासून चंदेरी. मग तो रंग एका रात्रीच्या अपघातातून आला असेल कसा? शिवाय आयफेलच्या आठवडाभर आधी, मेअखेरीस, आव्हुसची शर्यत होती. तिथे मर्सिडीजनं सरावात डब्ल्यू २५ उतरवल्या, तयारी पुरी नाही म्हणून शर्यतीतून काढून घेतल्या. त्या गाड्याही चंदेरीच होत्या. कारखान्यातली एखादी चाचणीची गाडी पांढरी असेलही, त्याबद्दल वाद नाही. वाद २ जूनच्या रात्रीबद्दल आहे, आणि त्या रात्री खरवडायला पांढरा रंग नव्हता.

‘रंग काढून नेमकं एक किलो कमी केलं’

डेंटिंग-पेंटिंगच्या कुठल्याही जुन्या कारागिराला हे विचारून बघा. हातानं ठोकून काढलेला पत्रा कधीच सपाट नसतो. त्यावर लांबी (म्हणजे पुट्टी) भरायची, घासायची, पुन्हा भरायची, मग अस्तर आणि मग रंग. रंग थेट पत्र्यापर्यंत खरवडला की लांबीही निघते आणि खाली उरतात हातोडीचे वण, जोडाच्या रेषा. पहाटेपर्यंत खरवडलेल्या गाडीचा पत्रा ओरखड्यांनी भरलेला दिसायला हवा. त्या शर्यतीच्या फोटोंत डब्ल्यू २५ कशी दिसते? साफ, एकसारखी, नीट तयार केलेली.

मला त्याहून हसू येतं ते एका किलोच्या घबराटीचं. ज्या कारखान्यानं एसएसकेएलच्या चासीला भोकंच भोकं पाडून तिचं वजन उतरवलं होतं, त्याच्या मेकॅनिकांना एक किलो काढायला दुसरी जागा सापडली नसती? एखादा ब्रॅकेट, एखादी जाळी, दोन पट्ट्या, चार भोकं. शिवाय नियमातलं वजन मोजायचं ते ड्रायव्हर, इंधन, ऑइल, पाणी आणि टायर वगळून.

‘नियम जर्मनांना अडवायला केला होता’

हे थोडक्यात. नियम जाहीर झाला ऑक्टोबर १९३२ मध्ये. हिटलर सत्तेवर आला जानेवारी १९३३ मध्ये, आणि मर्सिडीज व ऑटो युनियनला सरकारी पैसा मिळाला तो त्यानंतर. जी गाडी अस्तित्वातच नाही तिला कोण अडवणार? हेतू होता सगळ्यांचाच वेग कमी करण्याचा. गाडी हलकी ठेवायची सक्ती केली की इंजिन आपोआप छोटं राहील, असा हिशोब. जर्मन अभियंत्यांनी हलके मिश्रधातू वापरून तेवढ्याच वजनात मोठी इंजिनं बसवली आणि हिशोब पार उलटला: डब्ल्यू २५ सुरुवातीला साडेतीनशे अश्वशक्तीच्या आसपास होती, १९३७ ची डब्ल्यू १२५ साडेपाचशेच्याही वर गेली. वजनाच्या नियमाची गोष्ट सांगायचीच तर ही सांगण्यासारखी आहे.

‘खुद्द नॉयबाउअरनंच सांगितलंय’

हो, सांगितलंय, पण १९५८ मध्ये आलेल्या आठवणींच्या पुस्तकात. म्हणजे घटनेनंतर २४ वर्षांनी. १९३४ च्या वार्तांकनात रात्रभर रंग खरवडल्याचा मागमूस नाही. असं खरंच घडलं असतं तर त्यावर चार ओळी लिहिण्याचा मोह त्या काळच्या पत्रकारांना आवरला असता, यावर माझा विश्वास बसत नाही.

नॉयबाउअर माणूस मोठा, यात शंका नाही. अगडबंब शरीर, हातात झेंडा, गळ्यात स्टॉपवॉच. पिटमधून, म्हणजे शर्यतीत गाड्या इंधन-टायरसाठी थांबतात तिथून, खुणांनी ड्रायव्हरला हुकूम देण्याची पद्धत त्यानं शास्त्रासारखी बसवली. पण गोष्टीला फोडणी द्यायची त्याला हौस होती. १९३३ च्या ट्रिपोली शर्यतीत लॉटरीच्या पैशांसाठी ड्रायव्हरांनी निकाल कसा ठरवला, याची त्याची हकिकतही अशीच प्रसिद्ध आहे. नंतर अभ्यासकांनी तपासली तर तिचे बरेच तपशील जुळेनात, आणि तो स्वतः तर त्या शर्यतीला हजरही नव्हता.

गंमत म्हणजे आयफेलच्या त्या दिवशी सांगण्याजोगं नाट्य खरोखर घडलं होतं. लुइजी फाजिओली हा संघातला इटालियन ड्रायव्हर. जर्मन सहकाऱ्याला पुढे जाऊ दे, असा हुकूम त्याला मिळाला. तो पिटमध्ये येऊन नॉयबाउअरशी कडाकडा भांडला आणि नंतर गाडी सोडून मोकळा झाला. यात ‘संकटात संधी’ नाही, म्हणून ते पोस्टमध्ये येत नाही.

कंपनीलाही ही दंतकथा प्रिय आहे. मोटरस्पोर्टमधल्या १२५ वर्षांच्या निमित्तानं मर्सिडीजनं २०१९ च्या जर्मन ग्रां प्रीत आपल्या फॉर्म्युला वन गाड्यांचा पुढचा भाग पांढरा रंगवला, जणू रंग खरवडून खालून चंदेरी डोकावतोय असा. पिटमधली माणसं जुन्या काळच्या पोशाखात. मग हॉकेनहाइमला पाऊस आला. हॅमिल्टन भिंतीला धडकला, पिटमध्ये टायर तयार नसल्यानं सावळा गोंधळ झाला, बोटासनं गाडी ठोकली. हॅमिल्टनला शेवटी नववा क्रमांक मिळाला तोही दोन आल्फा रोमिओंना दंड झाला म्हणून.

‘त्यानंतर त्यांना कोणी हरवू शकलं नाही’

आयफेलनंतर महिनाही झाला नव्हता. १ जुलै १९३४, मोंलेरी, फ्रेंच ग्रां प्री. मर्सिडीज आणि ऑटो युनियनची एकही गाडी शेवटपर्यंत पोचली नाही. पहिल्या तिन्ही जागा आल्फा रोमिओला.

आणि २८ जुलै १९३५ कसा विसरायचा? नुर्बुर्गरिंग, जर्मन ग्रां प्री, साधारण २३ किमीच्या २२ फेऱ्या. पाच मर्सिडीज, चार ऑटो युनियन आणि त्यांच्यासमोर ताझिओ नुवोलारी, ठेंगणा, चाळिशीचा, जुन्या पडलेल्या आल्फा पी ३ वर. ताकदीत शंभरेक अश्वशक्तीनं मागे. तरी फेऱ्या अर्ध्या होत येईतो तो आघाडीवर होता. पेट्रोल भरायला पिटमध्ये आला आणि पंपच बंद पडला. माणसांनी डबे आणून हातानं पेट्रोल ओतलं. मर्सिडीजवाले जे काम पाऊण मिनिटात उरकत होते त्याला इथे सव्वादोन मिनिटं लागली. नुवोलारी सहावा होऊन बाहेर पडला आणि ओल्या रस्त्यावर एकेकाला गाठत सुटला. शेवटच्या फेरीत फॉन ब्राउखित्श अर्ध्या मिनिटानं पुढे होता, पण गाडी रेटून रेटून त्याच्या टायरांची साल निघाली होती. मागचा टायर फुटला. नुवोलारी पहिला, श्टुक दुसरा, काराचिओला तिसरा. ब्राउखित्श रिमवर गाडी ओढत पाचवा आला.

पुढच्या वर्षी याच नुवोलारीनं बुडापेस्ट आणि बार्सिलोनातही जर्मनांना धूळ चारली. १९३८ मध्ये फ्रान्समधल्या पो शहराच्या अरुंद गल्ल्यांत रेने ड्रेफ्यूसच्या देलाये या फ्रेंच गाडीनं मर्सिडीजला मागे टाकलं: मर्सिडीजला इंधनासाठी थांबावं लागलं, देलाये थांबलीच नाही. १९३७ आणि १९३९ चे मोसम जर्मनांनी गाजवले हे खरंच. पण ‘बहुतेक शर्यती जिंकल्या’ आणि ‘कोणी हरवू शकलं नाही’ यात नुवोलारीएवढं अंतर आहे.

जाता जाता एक: मला आलेल्या पोस्टसोबत १९३४ ची म्हणून जी गाडी दाखवली आहे, तिच्या नाकाडावर तीन मोठी भोकं आहेत. ती डब्ल्यू १२५ आहे, १९३७ ची.