शाळा सुटली, डबा सापडेना

अमेरिकेतल्या कॅन्सस-नेब्रास्काच्या माळावर जुनी एकशिक्षकी शाळा शोधायला अक्कल लागत नाही. सगळा मुलूख सपाट, मैलभरावरून दिसते. एक खोली, समोरासमोर खिडक्या आणि उरलेच असतील तर मागे दोन संडास, एक मुलांचा, एक मुलींचा. अक्कल लागते ती तिथे कुणीतरी दडवलेला जिओकॅशचा डबा शोधायला. आपल्याकडे ती नाही हे कळायला शाळेच्या दाराइतकी योग्य जागा नाही. (जिओकॅशिंगचा खेळ असा: एकाने डबा लपवून जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे, दुसऱ्याने तो शोधून आतल्या कागदावर सही करायची.)

पहिली चूक घरीच होते. जिओकॅशिंगमध्ये अक्षांश-रेखांश अंश आणि दशांश मिनिटांत देतात, म्हणजे उत्तर 38° 26.000'. घाईत 38.26 अंश टाइप केलं की आपण शाळेच्या 19 किलोमीटर दक्षिणेला कुणाच्या तरी गाईंसमोर उभे. गाई समजूतदारपणे बघतात.

दुसरी चूक वाचलेल्या माणसांची. 1785 च्या जमीन अध्यादेशाने प्रत्येक टाउनशिपच्या, म्हणजे जमीनमोजणीच्या चौकोनाच्या, 36 तुकड्यांपैकी सोळावा शाळेसाठी राखला, हे त्यांना पाठ असतं. म्हणून ते नकाशावर सोळाव्यातच शाळा शोधतात. तो तुकडा बहुधा विकून किंवा खंडाने देऊन शाळेचा खर्च भागवत. शाळा बांधायची ती पोरांना पायी येता येईल तिथे.

खरी परीक्षा मल्टी-कॅशची, म्हणजे जागेवरच्या खुणांवरून आकडे काढून पुढच्या टप्प्याचे अक्षांश-रेखांश जुळवायचे. ‘शाळेच्या सालातला शेवटचा आकडा क धरा’, अशी गणितं असतात. पण साल कुठलं? कॅन्ससमधल्या स्ट्राँग सिटीजवळची लोअर फॉक्स क्रीकची चुनखडीची शाळा घ्या. बांधली 1882 मध्ये, वर्ग भरला 1884 मध्ये. (ही उदाहरणापुरती. ती राष्ट्रीय उद्यान सेवेच्या हद्दीत आहे आणि तिथे परवानगीशिवाय डबा ठेवता येत नाही.) हा दोनचा फरक अक्षांशाच्या मिनिटाच्या तिसऱ्या दशांश स्थळी पडला तर चूक पावणेचार मीटरची, चालून जाते. पहिल्या स्थळी पडला तर 370 मीटर, म्हणजे थेट मक्यात.

नेब्रास्कातल्या बीट्रिसजवळची विटांची फ्रीमन शाळा 1872 पासून 1967 पर्यंत भरत होती. तिथे बाईंनी वर्गात बायबल वाचलं म्हणून वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1902 मध्ये निकाल लागला. असला इतिहास सुज्ञ माणूस फलकावर वाचतो. जिओकॅशर फलकाच्या मागे हात घालून बघतो.

हात घालण्याआधी काडी घालावी, हे मात्र मनापासून सांगतो. पोकळ खांब, हातपंपाचं झाकण, वळचण, जिथे डबा लपवावासा वाटतो तिथे गांधीलमाश्यांना घर करावंसं वाटतं. गवतात गोचीड असते, आणि चिगर नावाचा न दिसणारा किडा मोज्याच्या इलॅस्टिकखाली खाजवायला आठवडाभराचं काम देऊन जातो. पँट मोज्यात खोचावी. देखणेपणाचा प्रश्न नाही, बघायला कोण आहे?

तेवढ्यात पिकअप थांबते. शेतकरी विचारतो, काही हरवलंय का? खरं सांगितलं की तो आणखी संशयाने बघतो. तरीही खरंच सांगावं. निम्म्या वेळा डबा कुठे आहे ते त्याला ठाऊक असतं.

मोकळ्या माळावर फोन तीन ते पाच मीटर चुकतो, झाडाखाली त्याहून जास्त. म्हणून शेवटच्या पाच मीटरांत बाणामागे गोल गोल फिरू नये. फोन खिशात टाकून नजरेने शोधावं. भिंतीचा दगड मात्र हलवू नये. डबा तिथे नसतो, आणि असला तर ठेवणाराच चुकला. बहुधा तो कुंपणाच्या खांबाच्या टोपीखाली निघतो. त्याच खांबावर आपण तासभर कोपर टेकवून विचार करत असतो. काखेत कळसा!

डबा म्हणायचा, पण असते करंगळीएवढी ॲल्युमिनियमची नळी. आधीच्या माणसाने झाकणाचं रबरी कडं नीट बसवलं नसेल तर आत कागदाचा लगदा. बसवलं असेल तर सुरळी इतकी घट्ट की चिमटा लागतो. चिमटा आठवणीने आणलेला असतो. सुरळी उलगडते, कोपऱ्यात सहीपुरती जागाही असते.

पेन गाडीत. गाडी फाट्यावर.