भट्टी बंद केली तरी पाणी चालूच ठेवावं लागतं

बेळगावच्या उद्यमबागेत विजेवर लोखंड वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीवर माझी बावीस वर्षं गेली. परवा आमच्या गल्लीच्या ग्रुपवर कारवारकडच्या कैगा अणुवीज केंद्रावरनं वाद पेटला. एका पोरानं लिहिलं, "काका, घाबरायचं काय एवढं? गडबड झाली की बटण दाबायचं, अणुभट्टी बंद. विषय संपला."

बाळा, खरा विषय तिथनंच सुरू होतो. आमच्या भट्टीभोवती तांब्याच्या पोकळ नळीची कॉईल असते, ती गार ठेवायला तिच्यातून सतत पाणी फिरतं. लाईट गेली की भट्टी तापायची थांबते, पण आतलं वितळलेलं लोखंड चौदाशे डिग्रीच्या वरच असतं. पाणी थांबलं तर कॉईल जळते, आणि फुटक्या कॉईलचं पाणी त्या रसात गेलं तर स्फोट. म्हणून एक डिझेल पंप ठेवलेला असतो आणि उंचावर पाण्याची टाकी. एका पावसाळ्यात रात्रपाळीला लाईट गेली. डिझेल पंपाची बॅटरी उतरलेली, सेल्फ नुसता टकटक करतोय. आम्ही धावत जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह उघडला, म्हणून वाचलो. सकाळी रजिस्टर बघितलं. पंपापुढं रोज 'ओके' लिहून सही केलेली होती.

११ मार्च २०११ ला फुकुशिमात दुसरं काय झालं? भूकंप होताच चालू अणुभट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद पडल्या. पण बंद अणुभट्टीतसुद्धा किरणोत्सारी पदार्थांची उष्णता निघतच राहते, सुरुवातीला पूर्ण ताकदीच्या सहा-सात टक्के. त्सुनामीनं डिझेल जनरेटर बुडवले, पाणी फिरायचं थांबलं, तीन भट्ट्यांचा गाभा, म्हणजे आतलं इंधनच, वितळला. जवळपास चाळीस किलोमीटरवरचं ईताते गावही रिकामं करावं लागलं. आपल्याकडं अणुवीज केंद्राभोवती आणीबाणीचं नियोजन असतं १६ किलोमीटरपर्यंत. बेळगावपासून कैगा सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटर. आपण लांब आहोत हे खरं, पण कैग्याजवळच्या कारवार-जोयड्यात आपलीच माणसं राहतात.

तरीही मी कैग्याच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगतो. २२० मेगावॅटच्या चार भट्ट्या आहेत तिथं. पहिलीनं २०१८ च्या अखेरीस सलग ९६२ दिवस चालण्याचा जागतिक विक्रम केला. यंत्र इतके दिवस न थांबता चालवायला काय देखभाल लागते ते भट्टीवाल्याला विचारा. त्या कामगारांना माझा मनापासून नमस्कार आहे. आणि आम्हाला रात्री दोन वाजता सुद्धा लाईट लागते, तेव्हा सूर्य नसतो.

पण त्याच कैग्यात १९९४ साली बांधकाम चालू असताना घुमटाचं काँक्रीट कोसळलं. २००९ साली ट्रिटियम हा किरणोत्सारी पदार्थ असलेलं, अणुभट्टीत वापरायचं जड पाणी पिण्याच्या कूलरमध्ये गेलं आणि पन्नासेक कामगारांच्या शरीरात ट्रिटियम सापडलं. आतल्याच कुणाचं तरी हे काम असावं असं अधिकारी म्हणाले. म्हणजे भट्टी ठणठणीत होती, माणसावरची नजर सुटली होती. २०१२ च्या अहवालात सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगनंही लिहिलं की अणुभट्ट्यांच्या सुरक्षेवर नजर ठेवणाऱ्या अणुऊर्जा नियामक मंडळाला पुरेसं स्वातंत्र्य आणि अधिकार नाहीत. सही करणारा आणि तपासणारा एकाच घरातला असला की रजिस्टर कायम 'ओके'च राहतं.

पैशाचं म्हणाल तर माझं मत आणखी कडक आहे. अणुविजेत इंधनाचा खर्च कमी, सगळा पैसा बांधकामात आणि त्यावरच्या व्याजात. काम रखडलं की विजेचं युनिट महाग झालं. राजापूर तालुक्यातल्या जैतापूरला ज्या फ्रेंच बनावटीच्या सहा भट्ट्या ठरल्यात, तशीच एक फ्रान्सनं स्वतःच्या फ्लामानव्हिलमध्ये २००७ साली बांधायला घेतली. अंदाज ३.३ अब्ज युरोचा, खर्च गेला १३ अब्जांच्या वर, आणि वीज ग्रीडला आली २०२४ च्या डिसेंबरात. ज्यांनी ती बनवली त्यांच्याच घरी ही गत, तर राजापूरच्या कातळावर सहा-सहा कशाला? कैग्यात पाचवी-सहावी ७०० मेगावॅटची देशी भट्टी येतेय. त्या जातीच्या भट्ट्या गुजरातेत काक्रापारला चालू आहेत, बांधणारे हात आपले आहेत. तिला माझा पाठिंबा आहे, पण खर्चाचा आणि तपासणीचा कागद लोकांपुढं ठेवा, आणि कन्नड-इंग्रजीबरोबर आम्हाला वाचता येईल अशा मराठीतही ठेवा.

कैग्यात काम करणारं आपल्या खानापूर-जोयड्याकडचं कुणी हे वाचत असेल तर एवढंच सांगा. कैगा काळी नदीच्या काठावर, वरच्या अंगाला सुपा, कोडसळ्ळी अशी धरणं आहेत. काळीला मोठा पूर आला तर तुमचे डिझेल जनरेटर पाण्याच्या किती वर आहेत? आणि ते पूर्ण लोड देऊन शेवटचे कधी चालवून बघितले?