धुण्याच्या पाण्यातून जाणारी चांदी

हुपरीतल्या किंवा कोल्हापूरच्या गुजरीतल्या कारागिराला चांदीचे मोल कोणी शिकवावे लागत नाही. दुकानातला केरसुद्धा झारेकऱ्याकडे जातो आणि त्यातून चांदी परत मिळते. मात्र मुलामा दिलेले दागिने ज्या पाण्यात धुतले जातात, त्यात विरघळून गेलेल्या चांदीबद्दल आपण जवळजवळ बोलतच नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

‘मीठ टाकले की चांदी खाली बसते’ हा समज तेजाबाच्या (आम्लाच्या) पाण्यापुरता बरोबर आहे, पण तोही पूर्ण नाही. मिठामुळे चांदीचा जो साका बनतो, ते सिल्व्हर क्लोराइड शुद्ध पाण्यात लिटरला सुमारे 1.9 मिलिग्रॅम विरघळते. मीठ थोडे जास्त असेल तर हे प्रमाण घटते, पण फारच जास्त झाले तर चांदी पुन्हा विरघळू लागते. शिवाय साक्याचे बारीक कण तळाशी न बसता पाण्याबरोबर निघून जातात. मुलाम्याच्या पाण्यात तर मिठाचा उपयोगच होत नाही, कारण तिथे चांदी सायनाइडने घट्ट धरून ठेवलेली असते. आधी पाणी चांगले अल्कधर्मी ठेवून हायपोक्लोराइटने सायनाइड मोडावे लागते. सायनाइडचे हे पाणी तेजाबाच्या पाण्यात कधीही मिसळू नये. त्यातून हायड्रोजन सायनाइड हा प्राणघातक वायू सुटतो.

म्हणूनच माझे ठाम मत आहे की चांदी सामायिक सांडपाणी केंद्रात नव्हे, तर मुलाम्याच्या टाकीशेजारीच पकडली पाहिजे. दागिना बाहेर काढल्यावर तो आधी साठवणीच्या पाण्यात बुडवावा. त्या पाण्यात चांदी दाट होत गेली की विजेच्या साहाय्याने ती पत्र्यावर जमवता येते. विजेने न निघणारा उरलेला अंश आयन-विनिमय रेझिनमधून (पाण्यातले भारित कण धरून ठेवणाऱ्या पदार्थातून) काढता येतो, कारण सायनाइडला बांधलेली चांदी ऋणभारित असल्याने योग्य रेझिन तिला धरून ठेवते. एकदा हे पाणी इतर सांडपाण्यात मिसळले की तोच अंश शोधणे अनेक पटींनी महाग पडते.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात चांदीची मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम आहे. पण पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना चांदीचे मुक्त आयन लिटरला काही मायक्रोग्रॅम इतकेही घातक ठरू शकतात, आणि पंचगंगेवर आधीच पुरेसा भार आहे. छोट्या कारागिराला एकट्याने रेझिनचा खर्च झेपणार नाही, हे मला मान्य आहे. त्यामुळे भरलेले रेझिन गोळा करून त्यातली चांदी ज्याची त्याला परत देणारी सहकारी व्यवस्था उभी राहावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.