‘६१ टक्के कॅन्सर’वाल्या मेसेजला उत्तर

रात्री अकराला मावशीचा फोन. “खरं सांग, माझ्या हातात किती दिवस आहेत?” तिच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात एवढंच होतं: पित्ताशयाच्या भिंतीत कॅल्शियम साचल्याची शक्यता, सीटी करून खात्री करावी. त्यावर कुणीतरी तिला हा मेसेज धाडला: पोर्सेलिन गॉलब्लॅडर (भिंतीत कॅल्शियम साचून कडक झालेलं पित्ताशय) म्हणजे ६१ टक्के कॅन्सर, सोनोग्राफीत दिसलं की निदान पक्कं, कॅल्शियमच्या गोळ्यांमुळेच होतं म्हणून त्या आजच बंद करा, तेल-लिंबाने भिंत साफ होते, दुर्बिणीचं ऑपरेशन चालत नाही.

६१ टक्के हा आकडा हवेतला नाही, म्हणूनच तो जास्त घातक. १९६२ मधल्या एका अर्जेंटिनी लेखातून तो आलाय: अशी २६ पित्ताशयं, त्यांतल्या १६ मध्ये कॅन्सर. फक्त २६, आणि तीही दुखणं घेऊन ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचलेल्या माणसांची! ज्यांना काही त्रासच नव्हता ते मोजणीत आलेच नाहीत. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने ऑपरेशन करून काढलेल्या २५,९०० पित्ताशयांचा हिशेब २००१ मध्ये मांडला. कॅल्शियम साचलेली ४४, त्यांत कॅन्सर २. ते दोन्ही आतल्या अस्तरात तुकड्यातुकड्यांनी कॅल्शियम असलेल्या २७ मधले. सबंध भिंत कडक झालेली १७ होती, त्यांत एकही नाही. १७ म्हणजे थोडीच, त्यामुळे धोका शून्य असं मी म्हणणार नाही. पण ६१ कुठे आणि हे कुठे!

धोका थोडा वाढतो, हे मात्र कबूल करावं लागतं. २०१३ च्या एका आढाव्यात, निवडून घेतलेल्या रुग्णांचे अहवाल बाजूला काढल्यावर तो सुमारे ६ टक्के निघाला. कॅल्शियम नसलेल्यांत १ टक्का. तेव्हा सर्जनला दाखवायचंच.

सोनोग्राफीत निदान पक्कं होतं, हेही खोटं. खड्यांनी गच्च भरून आकसलेलं पित्ताशयसुद्धा पडद्यावर तशीच पांढरी कमान दाखवतं, मागे तशीच काळी सावली. नीट पाहिलं तर तिथे दोन रेघा असतात, वरची भिंतीची, खालची खड्यांची, आणि मध्ये पित्ताची बारीक काळी फट. भिंतच कडक झाली असेल तर ती फट मिळत नाही. गंभीर संसर्गात भिंतीत वायू झाला तरी ती चकाकते, पण सावली धुरकट पडते. सीटीत कॅल्शियम हाडासारखं पांढरं दिसतं आणि वायू काळा, म्हणून तर रिपोर्टात सीटी लिहिलंय. मेसेजवाल्याने नेमकं तेच गाळलं.

गोळ्यांचं वाचून मात्र माझा संताप आवरला नाही. पित्ताशयाला वर्षानुवर्षं सूज राहिली, बहुतेकदा खड्यांमुळे, की जखमी भिंतीत कॅल्शियम बसतं. रक्तातलं कॅल्शियम त्या वेळी साधारणपणे ठीकच असतं. मावशीची हाडं ठिसूळ आहेत, मनगट एकदा मोडलंय, आणि या एका ओळीपायी तिने चार दिवस गोळी घेतली नव्हती.

तेल-लिंबाने भिंतीतलं कॅल्शियम हलत नाही. त्या प्रयोगानंतर शौचातून पडणारे हिरवे गोळे २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या एका पत्राच्या लेखकांनी तपासून घेतले होते. ते खडे नव्हते, पोटात तेलाचाच साबण झाला होता. दुर्बिणीचं ऑपरेशन पूर्वी टाळत, आता अनुभवी सर्जन करतात.

मावशीची सीटी परवा आहे. रिपोर्ट घेऊन मी तिच्यासोबत सर्जनकडे जाणार आहे. गोळी तिने काल रात्रीच पुन्हा घेतली, मी फोनवर असतानाच.