पाकीट न फोडता काय कळते? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

वेबच्या रचनेवरील माझ्या लेखाला आपण दोन आक्षेप घेतले आहेत. सोप आणि कोर्बा या, दूरच्या यंत्रावरील प्रोग्रामकडून काम करवून घेण्याच्या जुन्या पद्धतींना मी ‘अवजड’ म्हणून निकालात काढले, पण बँकेच्या व्यवहाराला लागणारी हमी एचटीटीपी (वेबवर विनंती-उत्तर पाठवण्याचे नियम) देत नाही, हा पहिला; आणि जीआरपीसी या नव्या पद्धतीच्या रूपाने दूरस्थ फंक्शनची (दुसऱ्या यंत्रावरचे काम आपल्याच प्रोग्राममधले असल्यासारखे बोलावण्याची) जुनीच कल्पना परतल्यामुळे वेबची सरशी ही केवळ एक लाट होती, हा दुसरा.

‘अवजड’ हा शब्द मी सैलपणे वापरला, हे मान्य. १९९१ मध्ये कोर्बाची पहिली आवृत्ती आली, तेव्हा वेगवेगळ्या भाषांत लिहिलेल्या प्रोग्रामांना एकमेकांशी बोलता यावे ही गरज खरी होती. माझी हरकत वजनाला नसून, दूरच्या यंत्रावरील ऑब्जेक्ट (प्रोग्रामचा घटक) शेजारीच असल्याचा आभास निर्माण करण्याला आहे. हा आभास टिकत नाही, हे सन मायक्रोसिस्टिम्समधील जिम वाल्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्येच मांडले होते.

विनंती पाठवली आणि उत्तर आलेच नाही, तर काम झाले की राहिले? जवळच्या फंक्शनच्या बाबतीत हा प्रश्न सहसा पडत नाही. नेटवर्कवर तो रोजचा आहे. एचटीटीपीने त्यावर काढलेला मार्ग मला आजही मोलाचा वाटतो. त्यात प्रत्येक विनंतीवर तिचा प्रकार वरच लिहिलेला असतो: गेटने (माहिती मागणे) सर्व्हरवरील माहितीत बदल अपेक्षित नाही, पुट (ठेवणे) किंवा डिलीट (काढून टाकणे) पुन्हा पाठवले तरी अपेक्षित परिणाम तोच राहतो, आणि पोस्टबद्दल अशी ग्वाही नाही. एवढे ठरलेले असल्यामुळे वाटेतल्या प्रॉक्सीला (विनंत्या पुढे पोचवणाऱ्या मध्यस्थ सर्व्हरला), आपल्या अ‍ॅप्लिकेशनची काडीचीही माहिती नसताना, कोणती विनंती निर्धास्तपणे पुन्हा पाठवावी आणि कोणते उत्तर साठवून ठेवता येईल हे पाकीट न फोडता, म्हणजे आतला मजकूर न वाचता, ठरवता येते. सोपच्या वापरात मात्र जवळजवळ सगळे पोस्टमध्येच कोंबले जाई, त्यामुळे शिल्लक विचारणारी विनंती आणि पैसे वळते करणारी विनंती प्रॉक्सीला सारखीच दिसे. २००३ च्या सोप १.२ मध्ये गेटची सोय झाली खरी, पण सवय सुटली नाही.

आता बँक. व्यवहार सगळीकडे पूर्ण व्हावा नाहीतर सगळीकडे रद्द व्हावा, ही हमी टू-फेज कमिट या पद्धतीने मिळते. तिच्यात प्रत्येक डेटाबेसला एकदा ‘तयार’ असे कळवल्यावर समन्वयकाचा (व्यवहार चालवणाऱ्या यंत्राचा) निर्णय येईपर्यंत नोंदींवरची कुलपे धरून बसावे लागते, आणि समन्वयकच बंद पडला तर ती अडकून राहतात. एका संस्थेच्या आत हे चालवून घेता येते. आपल्या डेटाबेसची कुलपे दुसऱ्या संस्थेच्या यंत्राच्या भरवशावर सोडायला मात्र कोण तयार होईल? तिथे प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक देऊन पुनरावृत्ती ओळखणे आणि बिघडल्यास उलट नोंद करणे, हाच व्यवहार्य रस्ता आहे. तो एचटीटीपी आयता देत नाही, इतके आपले म्हणणे बरोबर आहे.

जीआरपीसीबाबत आपले निरीक्षण अचूक आहे. तेही एचटीटीपी/२ वर सगळे पोस्टनेच पाठवते. पण त्यात डेडलाइन (उत्तराची वाट किती वेळ पाहायची ती मर्यादा) घालण्याची सोय उघडपणे दिलेली आहे, म्हणजे अपयश दडवलेले नाही. शिवाय त्याचा मुख्य वापर दोन्ही टोके एकाच संस्थेच्या ताब्यात असतात तिथे होतो. ब्राउझरपर्यंत यायचे म्हटले की सामान्यतः मध्ये एक प्रॉक्सी बसवावी लागते.

मूळ लेखातील ‘अवजड’ हा शब्द काढून तिथे ‘मध्यस्थाला न वाचता येणारे’ असे केले आहे.